पट्ट्याच्या सतरा किलोमीटर बाहेर

खग्रास सूर्यग्रहण केव्हा आणि कुठं दिसणार, हे लोकांना सांगण्याचा मी बत्तीस वर्षं पगार घेतला. स्वतः मात्र अजून एकही खग्रास पाहिलेलं नाही. हलवाई स्वतःची मिठाई खात नाही म्हणतात, तसलं काही वैराग्य यात नाही. मी जेवायला गेलो होतो. ताट सतरा किलोमीटर पलीकडं वाढलेलं होतं, एवढंच.

मी मूळचा निलंग्याचा. बीएस्सी करून नांदेडला आलो आणि वजिराबादेतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून चिकटलो. छापखान्याची भिंतीवर टांगायची एक दिनदर्शिका होती. नांदेड-लातूर या दोन जिल्ह्यांत ती किराणा दुकानापासून पोलीस चौकीपर्यंत सगळीकडं लटकलेली असायची. तिचं गणित करणारे वृद्ध गुरुजी मुलाकडं कायमचे राहायला गेले, तेव्हा मालकांनी मला बोलावून विचारलं, "तुमचा विषय गणित होता ना?" मी हो म्हणालो. त्या विषयात एकदा नापास झालो होतो, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही. अशा रीतीनं दोन जिल्ह्यांचा सूर्य आणि चंद्र माझ्या ताब्यात आला.

काम काय असतं ते थोडक्यात सांगतो. दर अमावास्येला चंद्र सूर्याच्या बाजूला येतो. मग दर अमावास्येला ग्रहण का नाही? कारण चंद्राची वाट सूर्याच्या वाटेशी जरा तिरकी आहे. बहुतेक अमावास्यांना तो सूर्याच्या वरून नाहीतर खालून निघून जातो. या दोन वाटा ज्या दोन ठिकाणी एकमेकींना छेदतात त्यांना आपल्याकडं राहू आणि केतू म्हणतात. अमावास्या या छेदाच्या जवळपास पडली की ग्रहण. त्यातही चंद्र त्या दिवशी पृथ्वीपासून लांब असेल तर तो सूर्याला पुरा झाकू शकत नाही, कडेनं बांगडी उरते. जवळ असेल तर पुरा झाकतो आणि त्याच्या सावलीचं टोक जमिनीला टेकतं. हे टोक शे-दोनशे किलोमीटर रुंदीचं असतं आणि ते पृथ्वीवरून हजारो किलोमीटर धावत जातं. कुंचल्यानं एक लांब फटकारा मारावा तसा पट्टा उमटतो. पट्ट्याच्या आत असाल तर भरदिवसा रात्र. बाहेर असाल तर नुसतंच खंडग्रास, म्हणजे सूर्याला लागलेला उंदराचा दात.

छापखान्यातल्या माणसांना मी हे वेगळ्या भाषेत सांगायचो. चार रंगांची छपाई करताना चारही प्लेटा एकमेकींवर तंतोतंत बसाव्या लागतात. त्यासाठी कागदाच्या कडेला अधिकाची बारीक खूण असते. ती खूण खुणेवर बसली की चित्र, नाही बसली तर देवीला चार डोळे. खग्रास म्हणजे सूर्य, चंद्र आणि पृथ्वी या तीन प्लेटा एका खुणेवर बसणं. एका ठरावीक गावी असं बसायला सरासरी साडेतीनशे-पावणेचारशे वर्षं लागतात. म्हणून लोहा किंवा निलंगा इथं बसून वाट बघण्यात अर्थ नसतो. सावली कुठं पडणार हे आधी काढायचं आणि उठून तिथं जायचं.

सुरुवातीला हे सगळं लॉगच्या तक्त्यांवर चालायचं. सरकारी खगोल पंचांग कलकत्त्याहून टपालानं यायचं. त्यात पट्ट्याच्या कडा अंश-कलांमध्ये दिलेल्या असायच्या. आपण त्या नकाशावर उतरवायच्या आणि आपल्या गावांच्या वेळा काढायच्या. पुढं कॅल्क्युलेटर आला, मग कॉम्प्युटर. माझी सगळ्यात मोठी चूक कॉम्प्युटर आल्यानंतरची आहे. लॉगच्या तक्त्यांवर मी फक्त लहान चुका करत असे.

गिऱ्हाइकांची तर गंमतच. माहूरच्या गडाखाली प्रसाद-नारळाचं दुकान असलेल्या एका गृहस्थांनी एकदा फोन केला. ग्रहणात देऊळ बंद राहणार, त्याच दिवशी दोन गावांच्या यात्रेकरूंच्या गाड्या येणार होत्या. ग्रहण अर्धा तास पुढं ढकलता येईल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ते माझ्या हातात नाही. ते म्हणाले, "छापता तर तुमीच." लोह्याच्या एका म्हातारबांना दर ग्रहणाआधी एकच शंका असायची. गाभण गाईच्या पोटाला गेरू लावायचा तो स्पर्शाच्या आधी किती मिनिटं? मी पहिल्यांदा त्यांना शास्त्र समजावलं, दुसऱ्यांदा जरा कमी समजावलं, तिसऱ्यांदा म्हणालो, पंधरा. ते समाधानानं गेले. गेरूनं गाईचं काही बिघडत नाही आणि मलाही जेवायला वेळ मिळाला.

पण एका वर्षी मी खरोखर लोकांना उपाशी मारलं. अमेरिकेतून जाणारं एक खग्रास होतं. आपल्याकडं तेव्हा रात्र. दिनदर्शिकेच्या चौकटीत मजकूर होता, 'खग्रास सूर्यग्रहण, प्रारंभ रात्री ९.१६, भारतात दिसणार नाही.' यातला 'नाही' पुढच्या ओळीवर, अगदी कागदाच्या काठाशी गेला होता. कटिंगला कागद कापले गेले, त्याबरोबर 'नाही'ही गेला. पाती चालवणारा हात खलीलभाईंचा, पण प्रूफावर सही माझी. काठापाशी मजकूर येऊ द्यायचा नाही हे बघणं माझं काम होतं. त्या अमावास्येला लोह्याच्या बाजूला कितीतरी घरांत दुपारपासून चुली बंद राहिल्या आणि गरोदर सुना कापणं-चिरणं सोडून एका जागी बसून राहिल्या. रात्री सव्वानऊला सूर्य कसा काय दिसणार, ही शंका दोन जिल्ह्यांत फक्त एका एसटी कंडक्टरला आली. त्यांनी छापखान्यात येऊन विचारलं. खलीलभाई मशीनमागून म्हणाले, "चष्मा लावून बघा, मास्तर सांगतेत."

खलीलभाई आता नीट सांगायला हवेत, कारण ही हकीकत त्यांचीच आहे. माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठे. खिळे जुळवण्यापासून ऑफसेटपर्यंत छापखान्यातलं प्रत्येक यंत्र त्यांच्या हाताखालून गेलं. कागद बोटात धरून वजन सांगायचे. देगलूर नाक्याकडं घर, एक मुलगी रुबिना. बायको ती लहान असतानाच गेली. मला ते मास्तर म्हणत. शाळेत मी एक दिवसही शिकवलेलं नाही. पण दिवसभर लाल शाई घेऊन लोकांच्या चुका काढणाऱ्याला दुसरं काय म्हणणार, असं त्यांचं म्हणणं.

दोन हजार नऊच्या जुलैमध्ये, आषाढी अमावास्येला, भारतातून खग्रासचा पट्टा जाणार होता. सुरतेकडून शिरून माळव्यावरून पाटण्याच्या दिशेनं. नांदेड पट्ट्याच्या बरंच खाली. मी एक माहितीपत्रक तयार केलं, ते खलीलभाईंनी छापलं. छापता छापता म्हणाले, "मास्तर, चाळीस वर्षं झाले खग्रास छापून राहिलो. एकदा दावा तरी."

मला कधी कुणी असं काही मागितलं नव्हतं. मी लगेच सगळं हातात घेतलं. सात जण, एक जीप, हिंगोली-अकोल्यावरून सातपुडा ओलांडायचा आणि पलीकडच्या एका टेकडीवर पहाटे उभं राहायचं. पट्ट्याच्या मध्यावर जायला आणखी निम्मा दिवस लागला असता. पण मध्यावर कशाला जायचं? माझ्या हिशेबानं ती टेकडी पट्ट्याच्या चांगली वीस किलोमीटर आत होती आणि तिथून पूर्वेचं क्षितिज मोकळं दिसत होतं. नवीन कॉम्प्युटरवर मी पट्ट्याची खालची कड स्वतः काढली होती. रंगीत छापून जीपच्या काचेवर चिकटवलीसुद्धा.

आदल्या संध्याकाळी पोचलो. धर्मशाळेत उतरलो. रात्रभर पाऊस. पहाटे टेकडीवर चढलो आणि पूर्वेकडचं आभाळ फाटलं. हातभर पट्टी मोकळी झाली आणि तिच्यात सूर्य उगवला तोच चावा घेतलेला. सगळे काळ्या चष्म्यांतून बघत होते. मी भाषण करत होतो. आता कोर बारीक होईल, आता वारा पडेल, आता पक्षी घरट्याकडं वळतील, आणि मग एकदम दिवा घालवल्यासारखं होईल. तेव्हा चष्मे काढा, तेव्हाच फक्त नुसत्या डोळ्यांनी बघता येतं. काळ्या चंद्राभोवती पांढरी झालर दिसेल.

कोर बारीक झाली. केसाएवढी झाली. उजेड राखेसारखा झाला, टेकडीवरच्या गवताचा रंग गेला. मी घड्याळात बघून मोठ्यानं आकडे मोजायला लागलो. शून्य म्हणालो. केस तसाच. मग तो केस या टोकाकडून त्या टोकाकडं सरकला आणि हळूहळू जाड होऊ लागला. चष्मे काढायची वेळ आलीच नाही.

लोकांना वाटतं, नव्व्याण्णव टक्के झाकलं म्हणजे जवळपास झालंच की. तसं नसतं. सूर्य एक टक्का उरला तरी दिवस असतो. खग्रासमध्ये जवळपास नावाची गोष्टच नाही.

उतरून चहाच्या टपरीवर बसलो. तासाभरानं उत्तरेकडून एक दूधवाला मोटारसायकलवर आला. त्यानं कॅन खाली ठेवायच्या आधीच सांगायला सुरुवात केली. त्याच्या गावी ठार काळोख झाला होता, तारे निघाले होते, म्हशीनं घाबरून दूध चोरलं. खलीलभाईंनी त्याला शांतपणे विचारलं, गाव किती लांब? तो म्हणाला, "यहीं तो है, पच्चीस किलोमीटर."

 परतीच्या वाटेवर, अकोला मागं पडल्यावर खलीलभाई म्हणाले, "मास्तर, रंग सूतभर सरकला तर तुम्ही मला अख्खा फॉर्म परत छापायला लावता."

घरी आल्यावर मी कॉम्प्युटर उघडला. चूक सापडायला दोन मिनिटं लागली. पंचांगात पट्ट्याची कड त्या बाजूला एकवीस अंश पन्नास कला दिली होती. मी कॉम्प्युटरमध्ये भरलं होतं एकवीस पॉइंट पन्नास. अंशाच्या कला साठ असतात, शंभर नाही. पन्नास कला म्हणजे पॉइंट त्र्याऐंशी. त्या फरकानं माझा पट्टा खऱ्या पट्ट्यापेक्षा जवळजवळ चाळीस किलोमीटर दक्षिणेला घसरला होता. वीस किलोमीटर आत असलेलो आम्ही सतरा किलोमीटर बाहेर उभे होतो. ही चूक पहिल्या वर्षाच्या मुलानं केली असती तर मी लाल शाईनं दोन गोल काढले असते.

आणि मग मी त्याहून वाईट गोष्ट केली. मी खोटं बोललो. चंद्राची कड काही गुळगुळीत नसते, तिच्यावर डोंगर असतात, त्या डोंगरांमुळे पट्ट्याची कड सरकते, असं मी छापखान्यात सांगितलं. हे खरंच आहे, पण तो फरक किलोमीटर-दोन किलोमीटरचा. मी तो सतरा केला. पुढं दर वर्षी कुणीतरी विषय काढायचं आणि मी डोंगर सांगायचो. खलीलभाई ऐकून घ्यायचे. मान डोलवायचे. मला वाटायचं, पटलं.

दोघंही निवृत्त झालो. दिनदर्शिकेचं गणित आता मालकांचा नातू लातूरला बसून एका सॉफ्टवेअरवर करतो. अर्ध्या मिनिटात शंभर वर्षांची ग्रहणं निघतात, अंशाला साठ कला असतात हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. मी आणि खलीलभाई आठवड्यातून एकदा चहाला भेटतो. मागच्या हिवाळ्यात ते सांगत होते की रुबिना लई मागं लागली आहे. ती लातूरला उर्दू शाळेत शिक्षिका आहे. पासपोर्ट काढून झाला, आता एकदा उमऱ्याला, मक्केच्या यात्रेला, जाऊन येऊ म्हणते. पुढच्या थंडीत, नाहीतर त्याच्या पुढच्या. मी विचारलं, उमऱ्याला ठरावीक महिना लागतो का? ते म्हणाले, हजला लागतो, उमरा कधीही.

मी कप खाली ठेवला. डोक्यात एक जुना आकडा हलला होता.

ग्रहणांची एक घराणेशाही असते. एक ग्रहण झालं की अठरा वर्षं, अकरा दिवस आणि आठ तासांनी त्याचंच भावंड येतं. तोच छेद, चंद्राचं जवळपास तेवढंच अंतर, तितकंच मोठं ग्रहण. फक्त वरच्या आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरलेली असते, त्यामुळे पट्टा तेवढा पश्चिमेला सरकतो. दोन हजार नऊच्या बावीस जुलैमध्ये अठरा वर्षं अकरा दिवस मिळवा. दोन ऑगस्ट दोन हजार सत्तावीस. पुन्हा आषाढी अमावास्याच. हे ग्रहण मोठं आहे, स्पेनच्या टोकावरून इजिप्तवर आणि तिथून अरबस्तानावर जातं, हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ असतं. पण अरबस्तानात नेमकं कुठं, हे बघायचं कारण मला आजवर पडलं नव्हतं.

घरी येऊन कागद काढला. मक्केचे अक्षांश एकवीस अंश पंचवीस कला. रेखांश एकोणचाळीस अंश पन्नास कला.

पन्नास कला बघून माझा हात थांबला. हसू नका. मी पन्नास भागिले साठ करून पॉइंट त्र्याऐंशी लिहिलं, मग ते खोडून पुन्हा केलं, पुन्हा तेच आलं. हातानं सगळं गणित मांडायला चार दिवस लागले. मक्का पट्ट्याच्या आत होती. कडेला नाही, चांगली आत. दुपारच्या नमाजनंतर तासाभरात खग्रास. पाच मिनिटांवर काही सेकंद. जे ग्रहण आमच्या हातून सतरा किलोमीटरनं निसटलं, त्याचंच भावंड खलीलभाई जिथं जायला निघाले होते तिथं उतरणार होतं.

आता तुम्ही म्हणाल, लगेच धावत गेलो असेन. नाही गेलो. आठ दिवस घरात बसलो. कारण तोच माणूस त्याच माणसाला पुन्हा सांगणार, इथं उभे राहा, इथून दिसेल. त्याआधी एक गोष्ट सांगणं भाग होतं आणि ती सतरा वर्षं शिळी झाली होती.

शेवटी देगलूर नाक्याला गेलो. खलीलभाई ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मी म्हणालो, "खलीलभाई, त्या टेकडीचं सांगायचंय. चंद्रावरचे डोंगर नव्हते."

"हाव," ते म्हणाले.

"माझी चूक होती. अंश-कलांमध्ये."

"पन्नास कला," ते म्हणाले.

"तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं. ते म्हणाले, "मास्तर, ते पत्रक कुणी छापलं? त्याच्यात बरोबर व्हतं. एकवीस अंश पन्नास कला. आल्यावर आठ दिवसांनी रद्दी काढताना हाताला लागलं. पोरीच्या शाळेच्या नकाशावर पट्टी ठिऊन बघितलं. आपण बाहेर."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही डोंगराचं लई मन लावून सांगून राहिले व्हते. दरसाल डोंगर वाढतच व्हता. म्हणलं, बघू कुठवर जातो."

मला या वयात रडायला आलं असतं, पण ते हसायला लागले होते. मग मी खिशातून कागद काढला आणि दोन ऑगस्टचं सांगितलं. ते हसायचे थांबले. कागद हातात घेऊन बोटांनी चाचपला, जुनी सवय. मग विचारलं, "तिथं? नक्की तिथं?"

मी म्हणालो, नक्की. या वेळी चार वेळा तपासलंय.  कागद घडी करून त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. मी आनंदात घरी आलो. माझ्या लक्षात एक साधी गोष्ट आलीच नव्हती, आणि ती मला रुबिनाच्या तोंडून ऐकावी लागली.

पुढच्या रविवारी ती लातूरहून आली आणि तिनं मला बोलावून घेतलं. चहा स्वतः केला, पुढ्यात ठेवला आणि मग बसली. म्हणाली, "काका, ऑगस्टमध्ये मक्केत ऊन किती असतं ते तुमच्या कागदावर लिहिलेलं न्हाई."

मी म्हणालो, ते माझ्या गणितात येत नाही.

"अब्बांची अँजिओप्लास्टी होऊन दोन वर्षं झाली. नांदेडच्या मे महिन्यात त्यांना चक्कर येते. मी थंडीत नेणार होते. आता ते म्हणतात, ऑगस्टलाच. तुमचं गणित चुकलं तर काय होतं, काका? लोकांना एक उपास घडतो. माझं चुकलं तर अब्बा परत येत न्हाईत."

एवढ्या वर्षांत माझ्या प्रूफावर इतकी अचूक दुरुस्ती कुणी केली नव्हती. मी तिथल्या तिथं म्हणालो, खलीलभाई, थंडीतच जा. खग्रास काय, पुन्हा येतील. खलीलभाई म्हणाले, "येतील. मी कुठं असंन?" आणि ते उठून आत गेले.  एका आजारी माणसाला मी थंडीतून उचलून उन्हाळ्यात नेऊन ठेवलं होतं आणि आता त्याला परत आणता येत नव्हतं.

महिनाभर मी त्या घरी गेलो नाही. मग खलीलभाई स्वतःच लातूरला गेले आणि मुलीला घेऊन डॉक्टरांपुढं जाऊन बसले. डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट बघितले. म्हणाले, जाता येईल, पण दुपारी उन्हात पाऊल टाकायचं नाही. राहणं गारव्यात, गर्दीत चालणं नाही, तवाफ, म्हणजे काबेभोवतीच्या फेऱ्या, सकाळी लवकर नाहीतर रात्री. दुपारची वेळ छताखालीच काढायची. या अटीवर रुबिना तयार झाली. नांदेडच्या एका यात्रावाल्याकडं ऑगस्टच्या जथ्यात दोघांची नावं लागली.

हे मला कळलं तेव्हा मी काळे चष्मे घेऊन गेलो. या वेळी चांगल्या प्रतीचे, तीन ठिकाणी खात्री करून घेतलेले. रुबिनानं चष्मे बघितले आणि म्हणाली, "काका, दुपारी उन्हात जायचं न्हाई, असं ठरलंय. तुमचं ग्रहण दुपारी आहे. अब्बा छताखाली असणार. त्यांना दिसणार कसं?"

तर माझ्या लक्षात हेही आलं नव्हतं. पण बत्तीस वर्षांच्या धंद्यानं त्या क्षणी मला हात दिला. मी म्हणालो, "रुबिना, खग्रासमध्ये ऊन कुठून आणणार तू? मक्केतल्या ऑगस्टच्या दुपारी फक्त पाच मिनिटं अशी असतील की ऊन नसेल. अंधार पडला की बाहेर यायचं, उजेड आला की आत. डॉक्टरांची अट मोडत नाही."

 तिनं फोन काढला आणि त्यात ग्रहणाची वेळ शोधली. म्हणाली, "वेळ तुमचीच दाखवतंय. सेकंदांचा फरक आहे." मग पहिल्यांदा हसली. "पाच मिनिटं. मी स्वतः धरून बाहेर आणते."

मला आभाळ ठेंगणं झालं. मी खलीलभाईंना सगळं नीट समजावून द्यायला बसलो. कोर केसाएवढी होईपर्यंत चष्मा डोळ्यांवर. पूर्ण अंधार झाला की चष्मा काढायचा. काळ्या चंद्राभोवती पांढरी झालर. बाजूला ठळक तारा दिसेल तो तारा नाही, शुक्र. पहिला उजेडाचा थेंब चमकला की मान खाली.

खलीलभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मास्तर, मान खालीच असंल."

मला समजलं नाही. ते म्हणाले, ग्रहण लागलं की आमच्यात नमाज असती. लांब असती, ग्रहण सुटेस्तोवर. तिथं हजारो माणसं उभी असतील, अंधार पडला की मीही त्यांच्यात. आणि नमाजमध्ये नजर सजद्याच्या जागेवर, म्हणजे जमिनीवर कपाळ टेकतो तिथं, ठेवायची असते, वर बघायचं नसतं.

माझ्या हातातला चष्मा तसाच राहिला. मी म्हणालो, पाच मिनिटंच आहेत. असं खग्रास एकदाच. सतरा वर्षं थांबलात, उन्हाळ्यात जायला तयार झालात, डॉक्टरांपुढं जाऊन बसलात. आणि वर बघणारच नाही? मग हे सगळं कशासाठी?

खलीलभाईंनी माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि माझ्याच कागदावर, पट्ट्याच्या नकाशावर, त्याचं टोक टेकवलं.

"मास्तर, तुम्ही जन्मभर मला काय सांगत आले? चंद्राची सावली जमिनीवर पडती, ती कुठं पडती ते काढायचं. मग मी तिथंच बघतोय की. ती येईल माझ्या कपाळाखाली."

रुबिनानं माझ्या हातातला चष्मा घेतला आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकला.